पायाचे काम

माझा मेहुणा नंदलाल बॅडमिंटन खेळतो, याबद्दल माझी कधीच तक्रार नव्हती. माणसानं काहीतरी खेळावं. तक्रार आहे ती त्यानं मला खेळायला लावलं याबद्दल, आणि त्याहून जास्त, मी हरल्यावर तो जे बोलला त्याबद्दल.

गोंदियात एका राईस मिलमध्ये तो मुनीम आहे. मिलच्या रिकाम्या शेडमध्ये त्यानं आणि त्याच्या चार दोस्तांनी चुन्याच्या रेघा मारल्या, मधोमध जाळी बांधली आणि त्या जागेला क्लब म्हणायला सुरुवात केली. अठ्ठावन्न सालच्या उन्हाळ्यात आम्ही एका लग्नाला गोंदियाला गेलो होतो. दुपारची जेवणं आटोपली, सावली शोधत सगळी पाहुणेमंडळी त्या शेडमध्ये येऊन टेकली, आणि नंदलालनं माझ्या हातात रॅकेट दिली. मी धोतर खोचलं. पंधरा मिनिटांत मी पंधरा विरुद्ध शून्य असा हरलो. मिनिटाला एक गुण, म्हणजे हिशेबानं काही वाईट नव्हतं. पण नंदलाल कपाळावरचा घाम निपटत, शेवटच्या चटईवरच्या म्हातारीलाही ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला,

"जीजाजी, हात तं बराबर हाय तुमचा. पन पाय सरकारी हायेत. अर्ज केल्याबिगर हलतच नाईत!"

सगळी शेड हसली. सासरे हसले. जेवणाचा आचारी झारा हातात घेऊन मुद्दाम बाहेर आला, त्यानं शेजारच्याला काय झालं ते विचारून घेतलं आणि मग तोही हसला. हे सगळं मी सोसलं असतं. पण बायकांच्या घोळक्यात रुख्मा बसली होती. रुख्मा म्हणजे माझी बायको, लग्नाला अकरा वर्षं झालेली. तीही हसली. पदर तोंडाला लावून हसली असती तरी मी समजून घेतलं असतं. ती पदरबिदर काही न लावता हसली.

"पोळ्याला येतो मी पुन्हा," मी तिथल्या तिथं जाहीर केलं. "तेव्हा बघू."

"पोळ्याले?" नंदलाल म्हणाला. "पाय बी बैलावानी रंगवून आनाल का?"

एक गोष्ट सरळ सांगून टाकतो. नंदलालला हरवावं, अशी माझी काही फार मोठी इच्छा नव्हती. मला एवढंच हवं होतं, की रुख्मानं ते हसू परत घ्यावं. परतीच्या प्रवासात, गोंदियाहून अर्जुनीला येणाऱ्या छोट्या लाईनीच्या गाडीत, ती खिडकीबाहेर बघत आणखी चार वेळा हसली. मी कारण विचारलं नाही.

अर्जुनी मोरगावला, पाटबंधारे खात्याच्या एका धाकट्या कचेरीत मी बाबू आहे. बाबू माणसाला कुठलीही गोष्ट कागदावर असल्याशिवाय खरी वाटत नाही. तेव्हा मी नागपूरला जाणाऱ्या एका ओळखीच्या गृहस्थाकरवी जुन्या पुस्तकांच्या दुकानातून बॅडमिंटनचं एक इंग्रजी पुस्तक मागवलं. ते कुणा निवृत्त कर्नलसाहेबांनी लिहिलेलं होतं. त्यांचं म्हणणं असं, की बॅडमिंटन हा हाताचा खेळच नव्हे, तो पायांचा खेळ आहे. म्हणजे नंदलाल जे दोन वाक्यांत बोलला, तेच कर्नलसाहेब दीडशे पानांत बोलले होते. फक्त त्यांनी माझं नाव घेतलं नव्हतं. उपाय म्हणून त्यांनी व्यायाम दिले होते. दोरीवरच्या उड्या माराव्यात. चवड्यांवर उभं राहावं, टाच टेकू नये. मैदानाच्या मध्यावरून सहा कोपऱ्यांकडे (बाजूंचे दोन मध्यही त्यांनी कोपऱ्यांतच धरले होते) आळीपाळीनं धावावं, फूल, म्हणजे शटल, तिथं आहे असं समजून हवेत फटका मारावा आणि लगेच मध्यावर परत यावं. आणि सगळ्यात अवघड म्हणजे, मागे न बघता, लहान लहान पावलांनी झपाट्यानं मागे सरकावं. पुढे कसं जावं यावरही एक प्रकरण होतं. ते मी वाचलं नाही. पुढे जाण्यासारख्या साध्या गोष्टीला पुस्तक कशाला लागतं, असं मला वाटलं.

दोरीसाठी मी शेजारच्या बकारामबापूंच्या गोठ्यातून एक दावं मागून आणलं. बकारामबापू साठीचे, रेल्वे रुळाच्या कडेला त्यांची धानाची शेती. सकाळी ते आपल्या ओट्यावर तंबाखू मळत बसतात आणि माझ्या अंगणात काय चाललंय ते बघतात. 

"काऊन जी बाबू," ते म्हणाले, "कायले उडून रायले?"

"व्यायाम करतोय."

"कायचा?"

"पायांचा."

"पाय दुखते का तुमचे?"

"नाही."

"मंग?"

या 'मंग'चं उत्तर शोधायला मी पुस्तक चाळून पाहिलं. कर्नलसाहेबांकडेही नव्हतं.

दुसऱ्या आठवड्यात मी सहा कोपऱ्यांचा व्यायाम सुरू केला. अंगणाच्या मधोमध तुळशीचं वृंदावन होतं, त्यालाच मी मैदानाचा मध्य मानलं. तुळशीपासून धावायचं, कोपऱ्यात हवेला एक फटका द्यायचा, पुन्हा तुळशीपाशी यायचं. रॅकेट नव्हती, म्हणून हातात चुलीजवळची फुंकणी घेतली. असे सहा कोपरे झाले की एक फेरी, अशा दहा फेऱ्या. तिसऱ्या दिवशी बकारामबापूंची बायको सुमित्राबाई कुंपणाशी उभी राहून रुख्माला हळूच सांगत होती, ते माझ्या कानावर आलं.

"बाई, घरात काई हाय तुमच्या. बाबू हाकलून रायले त्याले. पन ते एका कोपऱ्यातून निघते अन् दुसऱ्या कोपऱ्यात जाऊन बसते."

पुढच्या सकाळी सहाही कोपऱ्यांत एकेक लिंबू ठेवलेलं होतं. सुमित्राबाईंच्या मनात माझं भलंच होतं, हे मी मान्य करतो. पण कर्नलसाहेबांच्या पुस्तकात कोपऱ्यात लिंबू असेल तर पाय कुठे टाकावा, हे दिलेलं नाही. चौथ्या कोपऱ्यातल्या लिंबावर माझा चवडा पडला आणि मी तुळशीपर्यंत बसल्या बसल्या परत आलो. घोटा सुजला. बकारामबापूंनी एरंडाची पानं गरम करून बांधायला सांगितली, सुमित्राबाईंनी 'निघून गेलं एकदाचं' म्हणून हात जोडले. 

रुख्मानं पानं बांधली. तिला मी हा सगळा उद्योग डॉक्टरनं पोटासाठी सांगितला आहे, असं कळवून ठेवलं होतं.

"पोटासाठी पायानं उडा लागते का?" गाठ मारता मारता तिनं विचारलं.

"नवीन पद्धत आहे."

"अस्सं," म्हणाली आणि फुंकणी घेऊन आत गेली.

घोटा बरा होईतो पाऊस लागला. अंगणात चिखल झाला, सराव बंद पडला. तेव्हा मला कचेरीच्या मागच्या गोदामाची आठवण झाली. आत चार पोती सिमेंट आणि एक मोडकी खुर्ची, बाकी सगळी कोरडी, सपाट जागा. सकाळी तासभर ती वापरायला मिळावी म्हणून मी अर्ज लिहिला आणि आमचे बडे बाबू भैयाजी यांच्यापुढे ठेवला.

इथे भैयाजींबद्दल सांगायला हवं. दोन वर्षांपूर्वी आमचा मुलूख मध्यप्रदेशातून मुंबई राज्यात आला. तोवर भैयाजी हिंदीत कागद लिहीत. आता मराठीत लिहायचे, आणि नव्यानं पान खायला लागलेला माणूस जसा दिसेल त्याला पान देतो, तसे ते दिसेल त्या शब्दाला मराठी करत. माझ्या अर्जातल्या 'फुटवर्क' या शब्दावर त्यांनी लाल पेन्सिल टेकवली.

"हे काय?"

"पायांची हालचाल. पायांचं काम म्हणा."

"मग तसं लिहा ना." त्यांनी ते स्वतःच लिहिलं. मग 'अर्जदाराचे' हा शब्द खोडला, कारण सरकारी कागदात माणसानं आपलं तुणतुणं वाजवू नये. 'सकाळी एक तास' हेही खोडलं, कारण इतक्या बारीकसारीक गोष्टी वरच्या साहेबांना दाखवणं बरं दिसत नाही. शेवटी अर्ज उरला तो असा: 'पायाचे काम कच्चे असल्याने ते सुधारण्यासाठी गोदाम मोकळे करून मिळावे.' वाचताना मलाही तो सुटसुटीत वाटला. खाली मी सही केली.

वरच्या कचेरीतून माझ्या बढतीचा कागद सहा वर्षं आलेला नाही. हा कागद अकराव्या दिवशी आला. येताना तो एकटा आला नाही. त्याच्याबरोबर सेवकराम नावाचे एक मिस्त्री आणि कुदळी-फावडी घेतलेले सहा मजूर आले. मी कचेरीत पोचलो, तेव्हा गोदामाच्या चारही भिंतींच्या कडेनं कंबरभर चर खणून झाले होते आणि मधली जमीन उकरणं चालू होतं.

"अहो, थांबा!" मी ओरडलो. "हे काय करताय?"

"पाया कच्चा हाय म्हनून कागद हाय," सेवकराम म्हणाले. "सही तुमचीच हाय ना?"

"पण तो पाया नाही हो! ते माझे पाय!"

सेवकरामांनी कागद पुन्हा वाचला. मग माझ्या पायांकडे पाहिलं. "बाबू, कागदावर पाया हाय. तुमचे पाय काई कागदावर नाईत."

दोन दिवसांनी मजूर दुसऱ्या कामावर गेले, चरांत पाणी भरलं आणि बेडकं आली. भैयाजींनी मात्र महिन्याच्या अहवालात 'पायाचे काम प्रगतिपथावर' असं मोठ्या अक्षरात लिहिलं. पोळ्याला महिना-सव्वा महिना राहिला होता आणि मी पहिल्या दिवशी होतो तिथंच होतो. त्या संध्याकाळी मी घरी सरळ न जाता रुळाच्या कडेनं, शेतातून, मान खाली घालून निघालो.

बकारामबापूंच्या बांधीत, म्हणजे धानाच्या खाचरात, रोवणी चालू होती. अकरा बाया एका ओळीत वाकलेल्या, गुडघ्याखालपर्यंत चिखलात. एका हातात रोपांची जुडी, दुसरा हात खाली-वर, खाली-वर. हे मी जन्मभर पाहत आलो आहे. पण त्या संध्याकाळी मी हातांकडे पाहिलंच नाही, पाय पाहिले. त्या मागे सरकत होत्या. मागे वळून न बघता, लहान लहान पावलांनी, टाच न रुतवता. एकीचाही तोल जात नव्हता. कर्नलसाहेबांनी ज्यासाठी सात पानं आणि चार आकृत्या खर्ची घातल्या होत्या, ते मंदाबाई बोलता बोलता करत होती. मंदाबाई म्हणजे त्या बायांची मुकादमीण. मी धुऱ्यावर, म्हणजे बांधीच्या बांधावर, उभा राहून तिला हाक मारली.

"मंदाबाई, मला हे शिकवा."

"काय? रोवनं?"

"नाही. मागं सरकणं."

अकरा कंबरा एकदम सरळ झाल्या. "मांगं सरकनं अलग भेटत नाई बाबू," मंदाबाई म्हणाली. "रोवाचं असन तं या. नुसतं पाहाचं असन तं घरी जा."

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला मी धोतर गुडघ्यावर बांधून बांधीत उतरलो. बकारामबापूंनी आयुष्यात पहिल्यांदा माझ्या व्यायामाला 'मंग?' म्हटलं नाही. पहिल्या दिवशी मी चार वेळा चिखलात बसलो. दुसऱ्या दिवशी दोनदा. बाया मला मधोमध घेत, म्हणजे दोन्हीकडून धरता येई. माझी ओळ बैल मुतल्यासारखी जाते, असं त्या म्हणत, आणि ते खरं होतं. पण सहाव्या दिवसापासून पाय आपोआप मागे पडू लागले. मागे धुरा लागला, की मंदाबाई ओरडे, "धुरा आला, फिरा!" आणि सगळी ओळ जागच्या जागी पाठ फिरवून पुन्हा मागे मागे निघे. त्या हाकेसरशी माझेही पाय डोक्याला न विचारता वळू लागले. पोरगेलेसे वाटू लागले हो पाय! पंधरा दिवसांत दोन बांध्या रोवून झाल्या.

रुख्माला मी फिरायला जातो म्हणून सांगत असे. एकदा तिनं माझ्या गुडघ्यापर्यंतच्या चिखलाकडे पाहिलं. "फिराचा रस्ता लयच खोल दिसते," म्हणाली आणि पाण्याची बादली पुढे सरकवली.

गावात बातमी पसरली ती वेगळीच. बाबूची नोकरी गेली, आता रोवणीला जातो. भैयाजींनी मला बाजूला घेऊन 'सरकारी नोकराने परक्याच्या चिखलात उभे राहावे काय' असा लेखी खुलासा मागितला. मी लिहिलं, की पायाचे काम चालू आहे. हे उत्तर त्यांच्या स्वतःच्या अहवालाशी जुळत असल्यामुळे त्यांनी ते फायलीला लावलं.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी त्याच शेडमध्ये, तीच मंडळी जमली. आचारीदेखील आला होता, आणि या वेळी त्याला कुणी स्वयंपाकाला बोलावलेलं नव्हतं. रुख्मा पुढच्याच चटईवर बसली. 

नंदलालनं पहिलं फूल उंच, मागच्या रेघेवर टाकलं. माझे पाय सरसर मागे गेले, फूल परत गेलं. त्यानं दुसरं टाकलं, तेही परत गेलं. तो जोरानं मारू लागला. मी मागे होतोच. शेडमध्ये कुजबुज सुरू झाली. "अरे, ये तो दौड रहे हैं!" कुणीतरी म्हणालं. सहा-सहा झाले, मग नऊ-आठ, आणि नऊ माझे होते. सासऱ्यांनी बिडी विझवली. मी चोरून रुख्माकडे पाहिलं. ती हसत नव्हती. त्या क्षणी मला कर्नलसाहेब, मंदाबाई आणि बेडकांसकट सगळं गोदाम प्रिय वाटलं.

पण नंदलाल मुनीम आहे. समोरच्याचं कुठे कमी पडतं ते त्याला लवकर दिसतं. त्यानं एक फूल हळूच, जाळीच्या अगदी जवळ टाकलं. मी पाहिलं. पुढे जायचं आहे हे मला कळत होतं. पाय मागे गेले. त्यानं पुन्हा तसंच टाकलं, मी पुन्हा मागच्या भिंतीशी. न वाचलेलं ते प्रकरण माझ्या डोळ्यांपुढे उभं राहिलं. रोवणीत कुणी पुढे जात नाही! त्याचे दहा, अकरा, बारा, तेरा, चौदा. नंदलालला आता धावावंही लागत नव्हतं. तो तोंड उघडू लागला होता, आणि त्यातून कुठलं वाक्य निघणार आहे ते सगळ्या शेडला माहीत होतं.

पुढचंही फूल तसंच जाळीजवळ आलं, आणि तेवढ्यात चटईवरून खणखणीत आवाज आला.

"धुरा आला, फिरा!"

रुख्मा उभी होती. पाय डोक्याला न विचारता वळले. माझी पाठ जाळीकडे झाली आणि मी सुसाट मागे, म्हणजे पुढे, सरकत निघालो. डोक्यावरून रॅकेट उलटी फिरवली. फूल कुठंतरी लागलं, टक्क झालं. मला काही दिसलं नाही, मला शेडचं दार दिसत होतं. पण मागे आरडाओरडा झाला, आणि वळून पाहतो तर फूल नंदलालच्या पायाशी पडलेलं आणि नंदलालचं तोंड उघडंच. 

सर्व्हिस माझ्याकडे आली, आणि तशाच पाठमोऱ्या तऱ्हेनं मी तीन गुण घेतले. रुख्मा हाका घालत होती, बायका टाळ्या पिटत होत्या, आचारी झारा नसतानाही हात वर करून नाचत होता. चौदा-बारावर मी जरा जास्तच वेगानं धुऱ्याकडे गेलो आणि जाळी, तिचे दोन्ही खांब आणि मी, असे सगळे एकत्र खाली आलो. जाळीला स्पर्श झाला की सर्व्हिस जाते. पुढच्याच फुलावर पंधरा-बारा. मी हरलो.

नंदलालनं मला जाळीतून सोडवलं. "जीजाजी, पाय तं तुमचे..." त्यानं सुरुवात केली.

"नंदू," रुख्मा मध्येच म्हणाली, "पायाचं नाव नको काढू. त्या पायाईनं दोन बांध्या रोवल्या. तू एक ओळ रोवून दाखव, मंग बोल."

नंदलालनं माझ्या पायांकडे पाहिलं आणि रॅकेट पिशवीत घातली. ते वाक्य मी त्याच्या तोंडून त्यानंतर ऐकलेलं नाही.

परतीच्या गाडीत मी रुख्माला विचारलं, "तुला केव्हापासून माहीत होतं?"

"मंदाबाईले मीच म्हनलं होतं, मधात ठेवजो, पडू नको देऊ."

"आणि रोवणीत पुढे जात नाहीत, हे ठाऊक होतं तर सांगितलं का नाहीस?"

"तुमी तं फिराले जात होते ना," ती म्हणाली.

अर्जुनीच्या अलीकडे गाडी हळू झाली आणि रुळाकडेला बकारामबापूंच्या बांध्या आल्या. हिरव्यागार सरळ ओळी, आणि त्यांच्या मधोमध एक ओळ डावीकडे जाऊन, विचार बदलून, उजवीकडे आलेली. सरकारी कागदावरचं माझं पायाचं काम कुणालाच दिसलं नव्हतं, हे मात्र अख्ख्या गाडीला दिसत होतं. मी खिडकी खाली ओढायला हात घातला. रुख्मानं तो बाजूला केला आणि समोर पेंगणाऱ्या अनोळखी बाईला हलवून जागं केलं.

"पाहा बाई, ते पाहा. ते वाकडी ओळ दिसते ना? आमच्या ह्यायनं रोवली हाय."

बाईनं ओळ पाहिली, मला पाहिलं आणि ती हसली. मग रुख्माही हसली, पदरबिदर काही न लावता. उन्हाळ्यातलंच हसू होतं ते, मी कान देऊन ऐकलं, त्यात तसूभरही फरक नव्हता. पण हसता हसता तिनं माझ्याकडे बोट केलं ते असं, की पोळ्याच्या रांगेत आपल्या दारचा बैल दाखवावा. 

मी धोतर जरा वर घेतलं आणि सगळ्यांना दिसतील असे पाय पुढे करून बसलो.